श्री. तुस्कानो यांना आणखी मुदतवाढ न देण्याबाबत

प्रति,
मा. प्रभाग अधिकारी,
बेवारस वाहने हटाव कक्ष,
प्रभाग कार्यालय, वसई (पश्चिम).

अर्जदार : सौ. मटिल्डा इग्नेशियस तुस्कानो, निवृत्त प्रमुख लिपिक (शाळा कार्यालय), राहणार क्रुसाजवळ, चिंचआळी, वसई (पश्चिम).

विषय : चिंचआळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जुन्या छोट्या मोटारहोमबाबत अर्जदाराच्या पतीस यापुढे एक दिवसाचीही मुदतवाढ न मिळणेबाबत.

संदर्भ : १) वाहन हटवण्याविषयी आपल्या कार्यालयाची नोटीस.
२) श्री. इग्नेशियस तुस्कानो यांचे मुदतवाढीचे तीन अर्ज. पैकी दोन मंजूर, तिसरा आपल्या टेबलावर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार आपल्या नजरेस आणू इच्छिते की, मुदतवाढ मागणारे अर्ज आपल्याकडे रोज येत असतील. मुदतवाढ देऊ नका असे विनवणारा अर्ज, तोही नोटीस आलेल्या घरातूनच, बहुधा आला नसेल. तो कोणत्या फाइलीत लावायचा असा प्रश्न कार्यालयास पडेल. अर्जदाराचा उभा जन्म शाळेच्या कार्यालयात फाइली लावण्यात गेला आहे. तिच्या मते हा अर्ज पतीच्या तिसऱ्या अर्जाच्या वर लावावा, म्हणजे तो आधी वाचला जाईल.

१. सदर वाहन मूळची एक छोटी व्हॅनिटी व्हॅन. नायगावच्या बाजूला मालिकांचे शूटिंग चालते, तिथे तिने बरीच वर्षे नट्यांना सावली दिली. पुढे एका हौशी गृहस्थाने तिच्यात बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून तिचे मोटारहोम केले, आणि हौस फिटल्यावर विकायला काढले. अर्जदाराचे पती इग्नेशियस हे तंत्रशाळेत सुतारकाम शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी ते घेतले. पत्रा गंजलेला, छत गळके, पण आरशाभोवतीचे दिवे शाबूत होते. घेताना ते अर्जदाराला म्हणाले, "डागडुजी झाली की आपण दोघं निघू. कोकणातून खाली उतरू, बरं वाटेल तिथं थांबू. चहा तू कर, माझ्या हातचा तुला आवडत नाही." यातले शेवटचे तेवढे खरे आहे. बाकी काही अद्याप घडलेले नाही.

२. डागडुजी झाली नाही असे कृपया समजू नये. सातिवलीचे मेकॅनिक बळीराम यांनी इंजिन खोलून बांधले, ब्रेक नवे केले, छताला नवा पत्रा घातला. गाडी आळीत आणून सोडताना ते म्हणाले, "सर, गाडी एकदम ओके आहे. फक्त उभी ठेवू नका, उभी राहिली की बिघडते." पतीने त्यांचे मनापासून आभार मानले. मग उभ्या गाडीचे टायर खराब होऊ नयेत म्हणून चारही चाके काढली, गोणपाटात गुंडाळली आणि घराच्या माळ्यावर नेऊन ठेवली. तेव्हापासून गाडी सिमेंटच्या ब्लॉकवर आहे. आपल्या कर्मचाऱ्यांनी तिला बेवारस समजून नोटीस चिकटवली यात त्यांचा काही दोष नाही. अर्जदारालाही कधी कधी तसेच वाटते.

३. मुदतवाढीचे पहिले दोन अर्ज अर्जदारानेच लिहून दिले होते. आळीत कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो तिच्याकडे येतो, पतीही त्यातून सुटलेले नाहीत. त्या अर्जांतील भाषा अर्जदाराची आहे आणि ती चांगली आहे. "किरकोळ काम शिल्लक असल्याने" हे कारण मात्र पतीचे आहे. हे किरकोळ काम म्हणजे काय, ते आपणास आजवर कुणी सांगितलेले नाही.

४. अर्जदाराचा मुलगा लेस्टर न्यूझीलंडला असतो. त्याची मुलगी ॲनिशा ही अर्जदाराची एकुलती एक नात. गाडीच्या मागच्या बाजूला, रुंदीत आडवा, एक छोटा बिछाना आहे. तो तिच्यासाठी. लेस्टर सुट्टीला येणार, मग सगळ्यांनी मिळून निघायचे, असे दर नाताळाला ठरते आणि दर नाताळाला पुढे जाते. तोवर ॲनिशा वाढते. व्हिडिओ कॉलवर पती तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करतात, लेस्टर पेन्सिलीने खूण करून आकडा सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत करवतीचा आवाज सुरू होतो. बिछान्याच्या पायथ्याशी कपाट आहे. बिछाना लांबला की कपाट पुढे सरकते. कपाट सरकले की ओटा सरकतो. ओटा सरकला की सिंकचा पाइप पोहोचत नाही, म्हणून पाण्याची टाकी उजवीकडची डावीकडे जाते. टाकी डावीकडे गेली की गाडी त्या अंगाला कलते, म्हणून सोलरची बॅटरी उजवीकडे येते आणि सगळी वायर नव्याने ओढावी लागते. हे आटोपून पती घाम पुसतात तोवर पुढचा नाताळ आलेला असतो आणि मुलगी आणखी उंच झालेली असते.

५. आडवा बिछाना गाडीच्या रुंदीपेक्षा लांब होऊ शकत नाही, हे सुतारकाम न शिकलेल्यालाही कळते. ती हद्द आता गाठली गेली आहे. ॲनिशा बापावर गेली, म्हणजे ताडमाड. पतीचा सध्याचा बेत असा की, गाडीला एका बाजूने बाहेर सरकणारी पेटी जोडावी, म्हणजे नातीचे डोके गाडीत राहील आणि पाय पेटीत. ही पेटी उघडली की ती आळीच्या रस्त्यावर येणार. म्हणजे रस्त्यावरचे बेवारस अतिक्रमण म्हणून ज्या वाहनाला आपण नोटीस दिली, त्या वाहनाला आणखी एक अतिक्रमण जोडण्यासाठी तिसरी मुदतवाढ मागितली आहे. पेटीसाठीची फळी आणूनही झाली आहे. ॲनिशाच्या कानावर हे घातले तेव्हा ती हसून म्हणाली, "ग्रँडपा, मी पाय फोल्ड करून झोपेन ना." पतीने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

६. आता तिसऱ्या अर्जातील मुख्य मुद्द्याकडे वळणे भाग आहे. अर्जदाराच्या समाजात नवे घर असो की नवी गाडी, फादरांनी पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय वापरायला काढत नाहीत. त्यानुसार फादर जॉन यांना बोलावले. त्यांनी आत डोकावून पाहिले, ओटा पाहिला, बिछाना पाहिला, भिंतीवरचा क्रूस पाहिला, आणि विचारले, "इग्नेशियस, प्रार्थना घराची म्हणू की वाहनाची?" अर्जदार तोंड उघडणार तेवढ्यात पती म्हणाले, "घराची म्हणा, फादर." तिथेच सगळा घोटाळा झाला. गाडीला आशीर्वाद मिळाला असता तर ती चालवावी लागली असती. घराला मिळाल्यावर पतीने दाराबाहेर सिमेंटची पायरी बांधली आणि पायरीशेजारी दुधीचा वेल लावला. वेल आता छतावर पोहोचला असून त्याला भरपूर दुधी लागतात. ते अर्जदार रांधते आणि आळीत वाटते, त्याबद्दल तिचे म्हणणे नाही.

७. तिसरा अर्ज लिहून देण्यास अर्जदाराने नकार दिल्यामुळे तो पतीने स्वतः लिहिला. त्यात मुदतीच्या मागणीबरोबरच त्यांनी म्हटले आहे की, सदर वस्तूस चाके नाहीत, तिला पायरी आहे, वेल आहे, घराचा आशीर्वाद आहे. सबब ती घर ठरते, वाहनाची नोटीस तिला लागू होत नाही, आणि कार्यालयाने तिला घरपट्टी लावून उपकृत करावे. आपल्या कार्यालयास स्वतःहून घरपट्टी मागणारा माणूस रोज भेटत नसेल, त्यामुळे मोह होणे साहजिक आहे. तरी अर्जदाराचा या मागणीस सक्त विरोध आहे. घर तिला आहे. लग्न होऊन ती या आळीत आली तेव्हापासून आहे, आणि त्याची फरशी तिने इतक्या वेळा पुसली आहे की तिला दुसरे घर नको. तिला गाडी हवी आहे.

८. एवढी घाई कशासाठी, असे आपण विचाराल. पतीच्या वाहन चालवण्याच्या परवान्याची मुदत पुढील उन्हाळ्यात संपते. नव्या परवान्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेस अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले की, या हिवाळ्यात दिवसाउजेडी चालवायला हरकत नाही, पुढच्या प्रमाणपत्रावर मात्र त्यांची सही होईल असे वाटत नाही. पतीला हे ठाऊक आहे. अर्जदाराला ते ठाऊक आहे हे मात्र त्यांना ठाऊक नाही, आणि दोघेही जेवताना टाकीविषयी बोलतात. अर्जदाराला गाडी चालवता येत नाही. हा हिवाळा हातचा गेला तर गाडी सर्व सोयींनी युक्त असेल आणि ती चालवणारा नसेल.

९. पतीविरुद्ध अर्जदाराच्या मनात काही किल्मिष आहे असा गैरसमज होऊ नये. गाडी तयार झाली असे एकदा म्हटले, की लेस्टर येत नाही हेही म्हणावे लागेल, म्हणून ते गाडी तयार होऊ देत नाहीत. अर्जदाराला हे कळते. तिलाही नात हवी आहे. तीही फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासते. पण वाट पाहायची तर ती घरात बसून पाहता येते, त्यासाठी चार चाके माळ्यावर ठेवण्याची गरज नाही. मुलाला यायचे तेव्हा तो येईल, आणि आल्यावर आई-बाप कुठेतरी फिरायला गेले आहेत हे ऐकून त्याला आनंदच होईल. अर्जदार रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना झाली की गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसते. तिथे तिचे पाय खाली टेकत नाहीत आणि समोर फक्त शेजाऱ्यांची केळीची बाग दिसते. तरी ती बसते, कारण तिला त्या सीटवर बसून दुसरे काहीतरी बघायचे आहे आणि ते तिने आता बोलून दाखवायचे ठरवले आहे.

सबब, अर्जदाराची आपणास नम्र विनंती की :

(अ) श्री. इग्नेशियस तुस्कानो यांचा तिसरा अर्ज नामंजूर व्हावा. ते स्वतः भेटावयास आल्यास त्यांना खुर्ची द्यावी, चहा पाजावा, परंतु मुदत देऊ नये. ते फार गोड बोलतात. अर्जदाराला याचा अनुभव आहे.

(ब) सदर वस्तू घर नसून वाहन आहे, असे आपल्या सही-शिक्क्याने लेखी कळवावे. तो कागद अर्जदार फादर जॉन यांना दाखवणार आहे. वाहनाचा आशीर्वाद द्यायला ते पुन्हा येण्यास तयार आहेत. मात्र त्यांची अट आहे, "खाली चाकं दिसली तर देतो, मटिल्डा. ब्लॉक दिसले तर परत जाईन."

(क) नोटिशीतील मुदत संपताच आपली क्रेन पाठवावी. ती येईपर्यंत गाडी ब्लॉकवरच असेल तर खुशाल उचलून न्यावी. कुलूप तोडण्याचा त्रास पडू नये म्हणून गाडीची दुसरी किल्ली सोबत जोडली आहे. परंतु त्या वेळी इंजिन चालू असेल आणि आत दोन म्हातारी माणसे बसलेली असतील, तर क्रेन कृपया बाजूला घ्यावी. आळी अरुंद आहे आणि पतीला मागे घेताना आरशात नीट दिसत नाही.

कळावे, लोभ असावा असे सरकारी पत्रात लिहीत नाहीत हे अर्जदारास माहीत आहे. म्हणून एवढेच, की आपण कठोर व्हावे.

आपल्या कठोरपणावर विसंबून असलेली,

(सही)
मटिल्डा इग्नेशियस तुस्कानो
वसई, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. नोटिशीची प्रत (दुधीच्या पानांचे डाग आहेत, मजकूर वाचता येतो).
२. गाडीच्या नोंदणीपत्राची प्रत, ती वाहन असल्याबद्दल.
३. गाडीची दुसरी किल्ली.

ता.क. हा अर्ज काल संध्याकाळी लिहून पूर्ण झाला व जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली ठेवला होता. आज सकाळी बरणी बाजूला होती. चहानंतर ते शिडी लावून माळ्यावर गेले आणि एक चाक खाली घेऊन आले. ते पुसून अंगणात पेरूच्या झाडाला टेकवून ठेवले आहे. त्यानंतर त्यांनी पेटीसाठी आणलेली फळी कापली. अर्जदाराला वाटले, झाले, पुन्हा सुरू. पण त्यांनी तिचा एक बुटका पाट केला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि गाडीत पुढच्या सीटसमोर, पाय येतात तिथे बसवला. मग म्हणाले, "बसून बघ, पाय टेकतात का." टेकतात.

तरीही सोबत जोडलेली किल्ली काढून घेतलेली नाही. तीन चाके अजून माळ्यावर आहेत. ती खाली येईपर्यंत आपण कृपया ठाम राहावे.