फाट्यावरची गाडी

वेझीदादा,

सगळ्यांना नमस्कार. लिलाँग्वेहून फाट्यापर्यंत सुखरूप पोचलेय, जेवलेय, काळजी नको.

पुढे मात्र अडकलेय. गच्च भरलेली गाडी बघून चढले, तर आतले सगळे ड्रायव्हरने बसवलेले खोटे प्रवासी! मी बसताच ते सगळे उतरले. "भरली की सुटेल, ताई," म्हणतो मेला.

दुपारी आपल्या गावाकडे जाणारा ट्रक आला, पुढे हिरवी फांदी बांधलेला. शवपेटीभोवतीच्या बायका सरकल्या. "ये गं, मयताच्या गाडीला भाडं नसतं." मी चढले नाही. कोण गेलं, हे विचारायचा धीरच झाला नाही.

सायकलवरच्या मासळीवाल्याबरोबर ही चिठ्ठी पाठवतेय. त्याच्याच हाती उत्तर दे. आई इस्पितळातून घरी आली ना? स्वतःच्या पायांनी?

तुझी धाकटी,
तिवोंगे