कागदाला कळलेला गंधार

मुरुम,
१० जुलै २०२४

ती. गुरुलिंगकाकांच्या चरणी महेश्वरीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्ही सगळ्यालाच व्हय व्हय म्हणता आणि मागून काकूंना विचारता, पोरगी काय म्हणाली म्हणून. त्यामुळं हे पत्र. कानाचं यंत्र अजून कपाटातच आहे असं कळलं. ते तिथं कुणाचं ऐकतंय?

तुम्ही निवृत्त झाल्यापासून शाळेत संगीताची जागा रिकामीच आहे. यंदा तो तास माझ्या विज्ञानाला जोडून दिलाय. काल नववीला ध्वनीचा धडा होता. प्रयोगशाळेत नादकाटा एकच, तोही गंजलेला. म्हणून तुमच्या खोलीतला तंबोरा आणि पेटी काढली. मोबाईलवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपवर बघून तंबोऱ्याची एक तार गंधारात, म्हणजे बरोबर ‘ग’वर लावली आणि तिच्यावर कागदाचा नखाएवढा तुकडा दुमडून ठेवला. नेमका तोच सूर शेजारी लागला की न छेडताही तार थरथरते आणि कागद हलतो, असं मुलांना ऐटीत सांगून ठेवलं होतं. पेटीवर गंधार धरला. कागद ढिम्म. मग साठ पोरांना पेटीबरोबर गायला लावलं. तरी ढिम्म. शिवपुत्र मागून म्हणाला, मॅडम, कागद झोपलाय.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची हर्षाली दिसली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. विचारलं तर खाली बघत म्हणाली, सातवीत गुरुलिंग सरांनीच बजावलंय, तुझा गंधार चढतो, प्रार्थनेत तू नुसते ओठ हलव. दोन वर्षं ती ते पाळतेय. मी तिला तंबोऱ्यापाशी बसवलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला, आणि काका, कागद थरथरला. तारेला कुणाचं बोट नव्हतं. पोर थांबली तरी तार बारीक गुणगुणत राहिली. हा धडा मी सोळा वर्षं शिकवतेय, नियम पाठ आहे. तरी अंगावर काटा आला. न छेडलेली तार आपला सूर ओळखून जागी होते, हे मी इतकी वर्षं फक्त फळ्यावर लिहीत होते.

मग पेटी मोबाईलवर तपासली, तर तिचाच गंधार उतरलेला निघाला. विचारू की नको, असं झालंय. निवृत्तीच्या आदल्या वर्षी पेटी उघडून गंधाराची पट्टी तुम्हीच घासली होती ना?

काकूंना शरणार्थ सांगा. राग आला तर येऊ द्या, माया तेवढी कमी करू नका.

तुमची
महेश्वरी

---

कळंब,
१७ जुलै २०२४

चि. सौ. महेश्वरीस गुरुलिंगचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मोबाईलला गाण्यातलं काय कळतं? तुला स्वतःला सातवीत ‘सा’ लावायला दिवाळी उजाडली होती, हे विसरू नकोस. हौदु, होय, पेटी मीच उघडली होती. गंधार चढा लागत होता, म्हणून घासून उतरवला. एकतीस वर्षं या कानांनी पोरं घडवली. नखाएवढ्या कागदाच्या साक्षीवर माझा न्याय करतेस होय?

इथं सगळं ठीक. सूनबाई शिवकांताची भाकरी तुझ्या काकूपेक्षा पातळ होते. काकू पत्रं वाचत नाही, म्हणून लिहायचं धाडस केलं.

ती हर्षाली म्हणजे लाल रिबिनींची ना? नाव पुकारायच्या आधीच उभी राहणारी? आवाज चांगला होता तिचा. म्हणूनच एवढं खटकायचं.

आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत.

तुझा काका
गुरुलिंग

---

मुरुम,
२२ जुलै २०२४

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

तीच ती. पंधरा ऑगस्टच्या प्रार्थनेला पुढं उभी राहून गा म्हटलं, तर मान हलवली. पेटी उतरलेली आहे, तू चुकत नव्हतीस, हे मी तिला तीन वेळा समजावलं. म्हणाली, कागदाचं पटतंय मॅडम, पण सरांनी सांगितल्याबिगर न्हाय गाणार. दीड वर्षात तिची शाळा सुटेल. मग हे ओठ हलवणं ती जन्मभर बरोबर घेऊन जाईल, एवढीच मला धास्ती.

बाकी सगळी शाळा पेटीमागं खालचा गंधार गाते आहे, आणि खुशीत गाते आहे. पेटी दुरुस्तीला दिलेली नाही. तुमच्या हातचं काम दुसऱ्यानं खोललेलं मला बघवणार नाही. आणि न्याय वगैरे काही नाही, काका. कानाचा भरवसा वाटेना तर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेव, हे मला कुणी शिकवलं होतं?

रुसला असाल तरी पत्र लिहा. रुसवा पोस्टानं आला तरी चालेल.

तुमची
महेश्वरी

---

कळंब,
३० जुलै २०२४

चि. सौ. महेश्वरीस अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांनी घरचा तंबोरा गवसणीतून काढला. शिवकांतानं मोबाईल धरून तार लावून दिली, कागद ठेवला. मी गंधार लावला. कागद हलला नाही. पुन्हा लावला. जेवायची वेळ झाली तरी हलला नाही. शिवकांतानं गुपचूप आणखी पातळ कागद आणून ठेवला. बिचारीला वाटलं असेल, दोष कागदाचा आहे.

मग तुझं ऐकलं. भोपळ्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि आवाज केसाकेसानं वर नेत गेलो. एका जागी तळव्याला मुंग्या आल्या. डोळे उघडले, तर कागद थरथरत होता. माझ्या कानाला तो गंधार चढा लागत होता, अगदी बेसूर. कागदाला नाही.

पोरी, लाज वाटायच्या आधी मी थक्क झालो, हे तुला खरं सांगतो. सूर कानात असतो, असं एकतीस वर्षं शिकवत आलो. तो माझ्या कानावाचूनही आपल्या जागी उभा होता, आणि बारा वर्षांची एक पोर त्याला धरून त्याच्याजवळ एकटी उभी होती. मी तिलाच गप्प केलं.

यंत्र लावलंय. घरभर भांडी आदळल्यासारखं ऐकू येतं. सोमवारी एसटीनं निघतो, मंगळवारी प्रार्थनेला हजर राहीन. पेटीला हात लावू नका. ती मीच उघडीन, आणि सूर बरोबर आला की नाही ते हर्षाली सांगेल. तिच्याजवळ आधी काही बोलू नकोस. चूक माझी होती, हे सगळ्या शाळेसमोर मलाच सांगायचं आहे. मग तिनं पुढं उभं राहून गावं. मी तिच्या मागं उभा राहून नुसते ओठ हलवीन.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा काका
गुरुलिंग