शिळ्या फुलांची बिअर

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. तू असताना जे बोलायला हवं होतं, ते आता लिहिते आहे.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपल्या शेजारी गार्डाची बायको राहायची, आंटी. ती घरीच बिअर करायची. ऑस्ट्रेलियाला कायमची जायला निघाली तेव्हा तिने तुला कृती शिकवली आणि हॉप्सचं एक पाकीट दिलं. बिअरला कडूपणा देणारी ती वाळलेली हिरवी फुलं. "हवा नहीं लगना चाहिए," तिने दोनदा बजावलं. तू पाकीट दोऱ्याने आवळून डब्यात ठेवलंस. बाबा तेव्हा रोज भट्टीवरची मोहाची पिऊन यायचे. एकदा शुद्धीत असताना तुला म्हणाले होते, "घरीच काही हलकं करून देशील, तं भट्टीवर कायले जाईन वं मी?" ते बोलून विसरले. तू विसरली नाहीस.

मी एकोणीस वर्षांची होते. घरातल्या आरडाओरड्याने मला झोप लागत नसे. उशीत ही फुलं घातली की झोप येते, असंही आंटीच सांगून गेली होती. म्हणून मी तुझ्या नकळत पाकीट सोडलं, दोन मुठी काढल्या आणि ते पुन्हा बांधलंच नाही. सगळा उन्हाळा ते तसंच उघडं राहिलं. तुला जव मिळवून, मोड आणून, वाळवून, भरडून होईपर्यंत दिवाळी आली.

तू स्टोव्हपाशी उकिडवी बसली आहेस. पातेल्यात जवाचा रस उकळतो आहे. तू फुलं हातावर घेतेस. ती तांबूस पडली आहेत. हुंगतेस, मग तळहात माझ्या नाकाशी धरतेस. "असाच वास असते का वं? तू घेतला होता ना आंटीकडं?" आंटीकडे तो लिंबाच्या पानासारखा होता. आता ओल्या पायमोज्यांचा येत होता. मी म्हणाले, "हो, असाच होता." तू ती पातेल्यात टाकलीस.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, बाबा खरंच घरी थांबले. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं, तरी तुझ्याकडे बघून त्यांनी दुसरा घेतला. मग पेला खाली ठेवला. ओरडले नाहीत. "आंबली वं. राहू दे, तुह्यानं नाही होणार," म्हणाले आणि चपला घातल्या. तू दारापर्यंत गेलीस. "पुन्हा करतो ना मी, थांबा ना," म्हणत राहिलीस. फुलं संपली होती, आणि आणखी कुठून आणायची ते नागपुरात तुला कोण सांगणार होतं? तीन वर्षांत बाबा गेले. त्यानंतर घरात काहीही बिघडलं, अगदी दूध नासलं, तरी तू म्हणायचीस, "माह्या हातालेच यश नाही."

चांगली फुलं असती तर ते सुटले असते का, मला माहीत नाही. बहुधा नसते. पण त्या दुपारी ते घरी थांबले होते, एवढं मात्र खरं आहे.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू पुन्हा तेच काढलंस. "तवा मी नीट केलं असतं, तर तुह्या बाबाले..." मी तुझा हात थोपटला आणि म्हणाले, "जाऊ दे आई, आम्ही कोणी तुला दोष देत नाही." तू किती कृतज्ञतेने बघितलंस माझ्याकडे. आणि आई, मला ते आवडलं.