टोमॅटोच्या शेडमधलं निर्मळ वाचन

३ जुलै, गुरुवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी नियमित. गेल्या वर्षीही ठरवलं होतं, पण वही बरी नव्हती.
संपादक रामनाथरावांचा फोन. साप्ताहिकाच्या वेबसाइटवरच्या माझ्या 'सुभाषितांची शिदोरी' या सदराला महिनाअखेरची मुदत. म्हणाले, "मागच्या लेखाला चौदा वाचक. त्यात नऊ वेळा तुम्हीच उघडलाय, भाऊ. वाचक दाखवा, न्हाई तर त्या जागी टोमॅटोचे बाजारभाव टाकतो." तीस तारखेला समक्ष येतो म्हणाले.
बाजारभाव काय, कोणीही देईल. सदर म्हणजे पाठशाळेतल्या सहा वर्षांचं फळ. ते जाता कामा नये.
चिंता नाही. विचार करतो आहे.

४ जुलै.
सुचलं! आमच्या भागात लोक वाचत नाहीत, कारण त्यांचे हात गुंतलेले असतात. कान मोकळे असतात. वाचक नकोत, श्रोते हवेत.

५ जुलै, शनिवार.
ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडलं. पान उघडलं की बाईच्या आवाजात वाचून दाखवतं. संस्कृत म्हणताना बाई जरा अडखळतात. हरकत नाही, मीही सुरुवातीला अडखळायचो.
वारूळवाडीला साळुबाई चुलतीच्या शेडमध्ये आठ बायका टोमॅटो निवडत बसतात. उपडा क्रेट, त्यावर लॅपटॉप, शेजारी स्पीकर. लेख: परोपकार.
एक घोटाळा. बाई जाहिरातीही वाचतात! दर दोन परिच्छेदांनंतर "गुडघेदुखीने हैराण आहात?" आणि "दोन साड्यांवर तिसरी मोफत!" मला मान वर करवेना.
तरीही परिणाम झालाच. धोंडाबाई म्हणाल्या, "भाऊ, लई उपयोगाचं लिवता राव. आमाला वाटलं देवाधर्माचंच आसंल."
परोपकार मनाला भिडला.

८ जुलै.
जाहिरातींचा उपाय ब्राउझरमध्येच निघाला. रीडर मोड! बटण दाबलं की रंग, चित्रं, जाहिराती सगळं साफ. पान मुंजीतल्या बटूसारखं दिसतं. फक्त मजकूर. म्हणजे फक्त मी.
पण तिथे एक्स्टेन्शन चालत नाही. बटण करडं पडतं. जाहिराती असतात तिथे वाचणारी बाई आहे, जाहिराती नसतात तिथे बाई नाही.
पुतणी तेजस्विनी पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करते. फोनवर म्हणाली, "काका, रीडर मोडचं पान ब्राउझरचं स्वतःचं असतं. बाहेरच्या एक्स्टेन्शनला तिथे आत सोडत नाहीत. सुरक्षेसाठी." मी म्हटलं, ओळखीच्या माणसाला तरी सोडावं. ती म्हणाली, "मग बनवणाऱ्यांना लिहा."

९ जुलै. दुपारी.
लिहिलं. चार पानं, इंग्रजीत. मध्ये स्वतः रचलेला एक श्लोक, अर्थासह. उद्या उत्तर येईल.

१० जुलै.
उत्तर नाही. तिकडे अजून काल असावा.

१५ जुलै, मंगळवार.
श्रोते एकोणीस! पलीकडच्या शेडमधल्या बायका आपापले क्रेट उचलून इकडे येतात. कोणता भाग आवडतो, विचारलं. धोंडाबाई: "ते गुडघ्याचं परत लावा की." लेखात बळीराजा वामनापुढे गुडघे टेकतो, तो भाग. इतकं बारीक पुण्याची माणसंसुद्धा ऐकत नाहीत.
साळुबाई म्हणाली, "आरं आमृता, मधीमधी जे येतं ना, ते लई ग्वाड." मी श्लोकांच्या मधे जे विवेचन करतो, ते. नम्रपणे मान लववली.
मात्र जाहिरातींमुळे रसभंग होतो आहे. त्यांना होत असणारच. बोलत नाहीत, माझ्या भिडेने.

२१ जुलै.
उत्तर आलं! ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत आता सेटिंगमध्ये एक खूण केली की एक्स्टेन्शनला रीडर मोडमध्ये प्रवेश. श्लोकाचा प्रभाव.
तेजस्विनी म्हणते, "काका, ही मागणी तीन वर्षं चालू होती. तुमच्या पत्रावर 'डुप्लिकेट' असा शिक्का मारून ते बंद केलंय." म्हणजे इतरांनाही माझ्यासारखंच सुचलं. थोरांची मतं जुळतात.

२६ जुलै, शनिवार.
घरी रंगीत तालीम. रीडर मोड चालू, एक्स्टेन्शन चालू, जाहिरात शून्य. सौ. आशा दुसऱ्या परिच्छेदाला झोपली. चित्त एकाग्र झालं की असं होतं.

३० जुलै, बुधवार. दुपारी ४.
रामनाथराव आले. शेडमध्ये तेवीस बायका. मी मोजून दाखवल्या. मग सेटिंगमध्ये खूण केली, रीडर मोडचं बटण दाबलं. लेख: मौन. बाई एकदाही अडखळल्या नाहीत. निर्मळ, अखंड.
तिसऱ्या मिनिटाला बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पाचव्याला धोंडाबाई: "भाऊ, मशीन बिघडलं का? साडीचं कवा यायचं?"
मी म्हटलं, ते काढून टाकलं. आता फक्त माझं आहे.
साळुबाई: "आरं लेकरा, उलटं केलंस की! तुझं काढायचं नि त्या बाईचं ठिवायचं. आमी तुझं संपायची वाट बघत बसायचो."
कुणीतरी मोबाइलवर गाणी लावली. पलीकडच्या शेडच्या बायका क्रेट उचलून परत. रामनाथराव कोपऱ्यात टोमॅटो खात होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिकलाय छान."

३१ जुलै, गुरुवार. सकाळी.
सदर बंद. उद्यापासून तिथे बाजारभाव.
मात्र रामनाथरावांनी काम दिलं आहे. म्हणाले, "जाहिराती एवढ्या ऐकतात तर त्याच लिहा, राव. गुडघ्याच्या तेलाची तुम्हीच करा." शैलीला नवं क्षेत्र. अकरा ओळी लिहिल्या, ऋषींपासून सुरुवात केली. तेल नवव्या ओळीत येतं.

सायंकाळी ५.
जाहिरात वेबसाइटवर चढली, एका पानावर एकटीच. वारूळवाडीला नेऊन लावली. सगळ्या कान देऊन ऐकत होत्या. चौथ्या ओळीला धोंडाबाई हात पुसत उठल्या. "भाऊ, ते गाळायचं बटण हाय नव्हं? दाबा की."
दाबलं. पान कोरं झालं.
एक्स्टेन्शन मात्र उत्तम चालू होतं.