देवाचं बोट

गारखेडा, औरंगाबाद
रविवार, १७ मार्च १९९६

तीर्थरूप मल्हारदादास,
मुंजाबाचा साष्टांग नमस्कार.

कालपासून कानात एकच आवाज घुमतोय. बाबा दुधात भाकरी कुस्करायचे, पितळी वाडग्यावर टिचकी मारायचे अन् हाक घालायचे, "यूऽ यूऽ!" की मेंढरांभोवतीची सगळी कारवानी कुत्री एका उडीत हजर. निजामावरची पोलीस ॲक्शन नुकतीच झाली होती. शाळेत उर्दूच्या जागी मराठीचं पुस्तक आलं होतं अन् मी त्यातल्या कविता मेंढरांपुढं चालीवर म्हणायचो. तू ओरडायचास, "गप ए, मेंढ्या दूध आटवतील!"

इकडं ठीक आहे. गुडघे बोलतात, पण चालतो. राजावहिनीचा खोकला कसा आहे? तुझा कुत्रा तुऱ्या धावतो का अजून पहिल्यासारखा?

तू गावाकडच्या कारभारीबरोबर निरोप धाडलास की पाडवा झाला की मोरणी कुत्रीला देवगावला घेऊन ये, तुऱ्याशी पुन्हा जोड लावू, बाबांच्या कुत्र्यांचं रक्त घरातच राहील. त्याचं उत्तर लिहायला बसलोय. आज जमेल असं वाटतं.

आधी पिल्लाचं सांगतो. मोरणी-तुऱ्याच्या चार पिल्लांतली दोन साफ, बिनखुणेची निघाली, ती लोकांनी नेली. मानेवर देवाचं बोट असलेली दोन राहिली. एक तू नेलंस, रीतीप्रमाणं, थोरल्या घरी. दुसरं माझ्याकडं. आपल्याकडं ते बोट म्हणजे केवढं कौतुक! बारीकसं भोक, त्यात पीळ पडलेले केस. खंडोबानं जनमायच्या आधीच बोट टेकवलं, हे कुत्रं राखणीला निवडलं. दर रविवारी त्यात चिमूटभर भंडारा भरायचा. मीही भरला, दादा. पाच रविवार भरला.

मग तिथं गाठ आली. पू यायला लागला. पिल्लू मान खाली घालीना, वाटीतलं दूध उभ्यानं पिता येईना. मी घेऊन गेलो जनावरांच्या डॉक्टरकडं. बाई आहेत, तरुण आहेत. त्यांनी मानेवरची कातडी चिमटीत वर उचलली, माझी बोटं तिथं धरली अन् म्हणाल्या, "लागतंय का, गुरुजी?" लागलं. समईच्या वातीसारखी दोरी, कातडीखालून आत कण्याकडं गेलेली. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आईच्या पोटातच कातडी पाठीच्या कण्यापासून नीट सुटी होत नाही, तिची नळी राहते. आत केस वाढतात, घाण साठते, अन् आपण वरून भंडारा कोंबतो.

"हे आलं कुठून?" मी विचारलं.
"आईबाप कोण?"
"सख्खी भावंडं. आमच्यात रक्त बाहेर जाऊ देत नाहीत."
"आणि खूण असलेलंच कुत्रं पुढं जोडीला ठेवता?"
"तेच तर ठेवतो."

त्या बाई उठल्या. हात धुवायला गेल्या.

दादा, तेव्हापासून मला बाबांची कुत्री एकेक करून आठवतायत. पाठ वाकडी होऊन मेलेला मोत्या. तापानं फणफणून मागचे पाय ओढणारी सावळी. आपण म्हणायचो, देवानं बोलावून घेतलं.

ऑपरेशन झालं. नळी अख्खी निघाली पाहिजे, तुकडा राहिला की पुन्हा भरते. मी डोकं धरून उभा होतो अन् मनात शाळेतली कविता म्हणत होतो, तिसऱ्या कडव्याला अडलो ते अडलोच. आता रोज धुणं, मलम, धोतराची पट्टी. पिल्लाच्या गळ्यात पुठ्ठ्याचं कडं घातलंय, तरी मोरणी जाऊन टाके चाटते, म्हणून तिला वेगळं बांधतो. मग दोघं रडतात. मी मधे खाट टाकून बसतो. फार थकलोय रे.

तुझ्या पिल्लाची मान चिमटीत धरून बघ. भंडारा भरू नकोस. पिळून तर अजिबात बघू नकोस.

अन् मोरणीचं. ती पाडव्यानंतर येणार नाही. कधीच नाही. पिल्लाबरोबर तिचंही ऑपरेशन करून घेतलं, आता तिला पिल्लं होणार नाहीत. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, अन् तू नाही म्हटल्यावर माझ्यानं झालं नसतं. आजवर तुझा शब्द मी

दार वाजलं म्हणून उठलो होतो. अनोळखी माणसाला मोरणी फाडून खाते, आज नुसती शेपटी हलवत होती. दारात राजावहिनी. एकटी. काखेत टोपली, वर लुगड्याचा तुकडा.

"भावजी, आधी पाणी द्या. अन् बोलू नका, मला रडू येतंय."

टोपलीत तुझं पिल्लू आहे. अंग तापलंय. मागचे पाय हलत नाहीत.

"दादाला सांगून आलीस?"
"पैठणला भाच्याकडं चालले म्हणून सांगितलं. तुमचे दादा काय करत्यात ठावं हाय? मुठीनं भंडारा भरत्यात अन् त्याच्याजवळच निजत्यात. मला म्हणत्यात, देवाचं हाय, देव बघंल. म्या म्हटलं, देवाला लई कामं हायेत."

तिला म्हटलं, मी दादालाच लिहितोय. तर म्हणाली, "मग लिव्हा. म्हणावं, मीच आणलंय. शिव्या द्यायच्या तर हितं येऊन द्या."

आत्ताच पिल्लू डॉक्टरबाईंना दाखवून आलो, त्या उद्या सकाळी उघडून बघणार आहेत. कण्यापर्यंत पोचलं असेल तर वाचेलच असं सांगत नाहीत. पत्र टपालात टाकत नाही, संध्याकाळच्या देवगाव गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय.

पहिल्या गाडीनं ये. मोरणीबद्दल जे बोलायचं ते नंतर बोल, मी ऐकून घेईन. पण उद्या टेबलावर पिल्लाचं डोकं कुणीतरी घट्ट धरायला लागेल. ते तुलाच ओळखतं.

वाट पाहणारा तुझा धाकटा,
मुंजाबा