ढगातला लालादादा

२४ सप्टेंबर १९४५, पाटण
ही वही घेऊन पंधरा दिवस झाले. रोज लिहायचं ठरलं होतं. शाई आणायला विट्याला गेलो, तिथं कुस्त्या लागल्या होत्या, शाई राहिली. पेन्सिलीनं सुरुवात करतोय. यापुढं एक दिवस चुकणार नाही.

सांगलीच्या कॉलेजच्या भूगोलाच्या मुलांची सहल. मी कॉलेजात नाही (मॅट्रिक दोनदा राहिली, चूक परीक्षकाची). पण चौगुलेसरांना ढगांचे फोटो हवेत आणि कॅमेरा माझ्याकडं आहे. म्हणजे मावसभावाचा, लालादादाचा. तो मलायात लढाईवर गेला त्याला चार वर्षं झाली. तार आली ती 'बेपत्ता' एवढीच. निघताना अंबूमावशी म्हणाली, "आक्या, तेच्यात माज्या लालाचा फोटू हाय. जपून रं." तो मीच काढला होता, गोठ्यासमोर, जायच्या दिवशी. पण उजेड कमी होता, धरला नसणार. शिवाय कॅमेऱ्याच्या मागच्या लाल काचेत अजून पहिल्या फोटोचाच आकडा दिसतो. म्हणजे रोल कोरा.

संकल्प: आठ फोटो, आठ जातींचे ढग.

२५ सप्टेंबर
कोयनेवर कापसाच्या गाठोड्यासारखा ढग. खटका दाबला आणि कानापाशी कुणीतरी म्हणालं, "चावी फिरव रं."
मागं कुणी नाही. सहलीतला माझा जोडीदार, बोर्डिंगचा रामगोंडा, लांब ओढ्यात पाय धूत होता. आवाज लालादादाचा.
मी भीत नाही. रोल पुढं सरकवायची चावी मात्र जरा जास्तच फिरवली. तीन फोटो वाया.

२७ सप्टेंबर
एक फोटो मध काढणाऱ्याचा. एक त्याच्या कुत्र्याचा. एक माझ्या सावलीचा, तोही तिच्याशेजारी दुसरी सावली आहे असं वाटलं म्हणून. सरांनी विचारलं, ढग किती झाले? म्हणालो, ढगांना घाई करून चालत नाही सर.

३० सप्टेंबर, सांगली
प्रिंट आल्या. पहिल्या फोटोत ढग, आणि ढगात लालादादा. फौजी टोपी, मिशी, सगळं पारदर्शक. रामगोंडा णमोकार मंत्र म्हणत मागं सरकला.

मला मात्र लगेच आठवलं. त्या दिवशी मोटार गाठायला पळता पळता दादा ओरडला होता, "आक्या, चावी फिरव रं!" आणि मी हात हलवत उभा. रोल सरकलाच नाही, त्याच्यावरच ढग काढला गेला.

रामगोंडाला सांगणार होतो. तोवर तो सगळ्या बोर्डिंगला सांगून आला होता. मुलं रांगेनं बघून गेली. एकजण माझ्याच पाया पडला. गावी गेल्यावर खरं सांगायचं. ठरलं.

२ ऑक्टोबर, घरी
सांगणारच होतो. मावशीनं फोटो बघितला आणि भिंतीला टेकून खाली बसली. त्यात बोलायचं कसं?

लालादादाचे चुलते दादासोतात्या म्हणाले, "सोर्गात गेला म्हनायचा. आता अमुशाला पान घालायचं." सर्वपित्री अमावास्या तीन दिवसांवर. ज्याची तिथी माहीत नाही त्याला त्या दिवशी जेवण. पान घातलं की लालादादाच्या बायकोचं, अंजनावहिनीचं कुंकू पुसणार.
उद्या नक्की.

३ ऑक्टोबर
वहिनीनं फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ बघितला. मग मला, "आवं भावजी, सोर्गात म्हस बी गेली व्हय?"
कोपऱ्यात शिंग आहे. मोडकं. आमच्या चांदीचं.
म्हणालो, ढगांचे आकार नाना तऱ्हेचे असतात वहिनी, सरांच्या पुस्तकात आहे.
ती हसली नाही. "चांदी गोठ्यात रवंथ करती. बगून या."
गेलो. म्हशीनं बघितलं. सगळं ठाऊक असल्यासारखं.

४ ऑक्टोबर
दिवसभर माणसं फोटोला नारळ ठेवून जातायत. नारळ फोडायच्या कामात वेळच मिळाला नाही. उद्या, पान मांडायच्या आधी.

५ ऑक्टोबर, दुपारी बारा, माळ्यावरच्या खिडकीत
पान मांडलं. गोठ्याच्या कौलावर ठेवलंय. कावळा शिवेना. तात्या हात जोडून उभे, "अंजनाला अंतर देनार न्हाई, शिव बाबा." कावळे बांधावर बसून नुसते बघतायत. वहिनी उंबऱ्यात. कपाळ अजून लाल आहे. कुंकवाचा करंडा मुठीत आवळून धरलाय. कुणाला हात लावू देत नाही.
एवढी ओळ लिहून होऊ दे, खाली जातो. वाक्य पाठ केलंय: चावी फिरवायची राहिली, चूक माझी.

साडेबारा
शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो होतो. तेवढ्यात म्हैस रेकली. अंगणात एक माणूस. खाकी कोट, आत नुसती हाडं. तात्या भूत भूत म्हणत, मला वर ढकलत शिडी चढले. आता माझ्याशेजारी बसून राम राम म्हणतायत.
भूत नाही. पायाशी सावली पडलीय, एकच. मावशी त्याचं तोंड चाचपतेय. वहिनीनं कौलावरचं पान काढलं, बाजूला सारलं, आणि त्याच्या हातात आधी फोटो दिला. तो बघतोय. कोपऱ्यातल्या शिंगावर बोट ठेवलंय.
आता वहिनीनं माळ्याकडं हात केला.
लालादादा वर बघून विचारतोय, "आक्या, चावी फिरवली न्हवतीस न्हवं?"