दुपारी गरम होणारा फ्रिज

१४ मे १९५६
रजा संपली. तारघरात पुन्हा रात्रपाळी. सकाळी ९ ला घरी, १० ते ४ झोप, पूर्वीसारखंच. ५ ला चहा करायला गेलो तर फ्रिजमधलं दूध नासलेलं. आतल्या दोन बाटल्या हाताला कोमट लागल्या. इंदूच्या इन्शुलिनच्या. उद्या तिला जाऊन तीन आठवडे. टाकायच्या राहून गेल्या आहेत.

१५ मे
फ्रिज काल बिघडला, की आधीपासूनच बिघडलेला होता?
एप्रिलात डोस दोनदा वाढवला. तरी परीक्षानळीत लघवीचा रंग विटकरी तो विटकरीच, म्हणजे साखर भरपूर. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाही. त्या बाटल्या अशाच कोमट होत असतील तर? सुई रोज मीच टोचत होतो.
मिस्त्रीला निरोप धाडला.

१७ मे
वाकोल्याहून फर्नांडिस मिस्त्री आला. विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून हा फ्रिज घेतला तेव्हा यानेच बसवून दिला होता. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं, पट्टी ओढली. घट्ट. म्हणजे रबर ठीक. मागची जाळी भिंतीपासून वीतभर लांब, तेही ठीक. बटण ४ वर. बर्फाचा थर जाड नाही. अर्धा तास मोटरला कान लावून बसला.
"मशीन एकदम चांगला हाय, साहेब. कोन तरी बंद करतो."
मी म्हटलं, बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी आणि माझी मावशी. पाडव्याला इंदूच्या मदतीला म्हणून आली, ती अजून इथेच आहे.
त्याने हत्यारं गोळा केली. टोपी घातली आणि गेला.

१८ मे
शेजारच्या साने वहिनी बर्फ न्यायला येतात. भिंतीवरचा स्विचबोर्ड दाराशीच आहे. फ्रिज आला त्या दिवशी म्हणाल्या होत्या, "तुमचं काय बाई, आता साहेबांचं घर." इंदू हसली होती. मला ते बोलणं तेव्हाही आवडलं नव्हतं.
मावशीला सहज विचारलं, दुपारी कोण येतं? म्हणाली, कोणी नाही. विचारल्यावर जरा दचकली का?

१९ मे
वाटीत पाणी ठेवून बर्फ केला. वर एक आणा ठेवून वाटी परत बर्फाच्या कप्प्यात. सकाळी आणा वरच होता. मग झोपलो.
५ ला पाहिलं. आणा तळाशी. वर पाणी. फ्रिजखाली फरशीवरही ओल.
ही ओल मी पूर्वी पाहिली आहे. इंदू पुसत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, तांब्या सांडला.

२१ मे
आज झोपलोच नाही. डोळे मिटून पडलो. साडेदहाला मावशी पावलं न वाजवता आली. माझ्याकडे पाहिलं. स्विच बंद केला. मोटर थांबली.
मी उठून बसलो. ती घाबरली.
"अरे वसंता, जागा आहेस होय?"
"का बंद केलास?"
"तुझी झोप मोडते ना त्या घरघरीने. इंदूच करायची. तू झोपलास की बंद, चार वाजता तू उठायच्या आत परत चालू. मला म्हणाली, त्यांना सांगू नका, ओरडतील. मी मेली, वेळेवर लावायला विसरते."
"कधीपासून करायची?"
"मी आले तेव्हा करत होती. त्याच्या आधीचं मला काय ठाऊक?"
ती रडायला लागली. तिला काय समजलं, कोण जाणे. मी पाणी दिलं.

२२ मे
मागची डायरी काढली. दिवाळीच्या आठवड्यात एक ओळ आहे: 'मोटरच्या आवाजाने झोप नाही. इं. ला बोललो.' एवढंच. काय बोललो ते लिहिलेलं नाही. आठवतं आहे.
परीक्षानळीचे रंग रोज लिहायचो. थंडीत निळा, हिरवा. होळीनंतर पिवळा. मग विटकरी. त्यावरून काही सिद्ध होत नाही. उन्हाळा होता. आजारही वाढतच होता.
साने वहिनी बर्फाला आल्या. दोन ट्रे दिले.

२४ मे
डॉक्टरांना एकच विचारायचं: रोज सहा तास फ्रिज बंद राहिला तर इन्शुलिन बिघडतं का? दोन्ही बाटल्या रुमालात बांधून दवाखान्यात गेलो. पुढे चार जण होते. तिसरा आत गेला तेव्हा उठलो, घरी आलो.
बाटल्या परत जागेवर ठेवल्या.

२७ मे
मावशी रोज विचारते, बंद करू का रे? मी म्हणतो, राहू दे.
आत पुरेसं थंड झालं की मोटर आपोआप थांबते. तिला तसंच बनवलं आहे, मिस्त्री म्हणाला.
आता मला ती थांबली की जाग येते.